पहिलं माप

या अंकाच्या संपादकबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा जरा उतरता आहे, हे त्यांच्या नवऱ्यालाही ठाऊक नसेल, मला ठाऊक आहे. त्यांचा फोन आला, "मावशी, ब्लाऊज शिवण्याच्या धंद्यावर काहीतरी लिहा. दिवाळीचा अंक आहे, जरा हलकंफुलकं असू द्या." मी हो म्हटलं. हलकंफुलकं जेवढं आहे तेवढं आधीच लिहून टाकते, कारण पुढे ते टिकणार नाही.

धुळ्यात, देवपूरला, आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. जामनेरहून लग्न होऊन आले तेव्हा माहेरचं शिलाई मशीन सोबत आणलं होतं. सासूबाई म्हणाल्या, हुंडा नको म्हटलं तर पोरीने लोखंड आणलं. त्याच लोखंडावर नंतर घर चाललं, पण ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि मीही काढलं नाही. मोतीबिंदूमुळे काळ्या कापडावर काळा धागा दिसेनासा झाला, तेव्हा मी काम थांबवलं. तोवर लग्नाचे ब्लाऊज म्हटलं की अर्धं देवपूर माझ्याकडे यायचं.

बाहेरच्यांना वाटतं, माप घेणं म्हणजे टेप गुंडाळली आणि आकडा वाचला. तसं नसतं. टेप अंगाला लागली की प्रत्येक बाई श्वास आत ओढते. सोळा वर्षांची ओढते, साठ वर्षांचीही ओढते. तो आकडा धरून शिवलं तर पहिल्या पंगतीलाच हूक तुटणार. म्हणून मी टेप लावून गप्पा काढायची. "काय भाजी केली आज?" बाई भाजीचं सांगायला लागली की श्वास सुटतो, पोट जागेवर येतं, मग आकडा बघायचा. वांग्याच्या भरताचा विषय काढला तर पोट सगळ्यात लवकर जागेवर येतं, हा माझा खान्देशातला अनुभव.

दुसरी गोष्ट म्हणजे माया. शिलाईच्या आत, दोन्ही बाजूंना, जास्तीचं कापड सोडून ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. बाई जाड झाली की शिलाई उसवायची आणि तेवढं कापड मोकळं करायचं. बारीक झाली की आत नवी शिलाई मारायची. रेडिमेडवाले ही माया ठेवत नाहीत, कापड वाचवतात. मी चांगली दोन बोटं ठेवायची, लग्नाच्या ब्लाऊजला तर जास्तच. बाईचं अंग आयुष्यभर एका मापाचं राहत नाही आणि राहूही नये.

आमच्या गल्लीच्या टोकाला कांताभाभी राहायच्या. मूळच्या राजस्थानच्या, भांड्यांचं मोठं दुकान. जळगावला भाच्याचं लग्न होतं. त्यासाठी त्यांनी कुठल्या तरी फोनवरच्या बाईकडून एक पावडर मागवली. सकाळी एक ग्लास, संध्याकाळी एक ग्लास, मध्ये काही नाही. लग्नाच्या आधी माझ्याकडे आल्या त्या गिरकी घेतच. "मावशी, देखो, तीन इंच गया." मी ब्लाऊज आत घेतला. लग्नात त्या खरंच सुरेख दिसल्या. पावसाळा संपता संपता पुन्हा आल्या, तेव्हा मी आत मारलेली शिलाई उसवली, मूळची उसवली आणि शेवटी बाजूला पट्टी जोडावी लागली. "वो सब वापस आ गया मावशी, ब्याज के साथ," म्हणाल्या. केस एवढे गळले होते की अंबाड्यात गंगावन घालायच्या. दिवाळीत पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, एकदम उपाशी राहून उतरलात त्यातून हेही होऊ शकतं. भाभी मला ते टाके दाखवून म्हणाल्या, "ये शिलाई तुम्हारे जैसी नहीं है." आम्ही दोघी हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं, पण त्या जिवंत होत्या, समोर बसून चहा पीत होत्या. त्या वेळी ते मला विशेष वाटलं नाही.

आता पल्लवीचं सांगते.

पल्लवी चोपड्याकडची. वडिलांची केळीची बाग, घरचं बरं. कॉलेजसाठी देवपूरला आत्याकडे राहायची. आत्या, म्हणजे सुनंदा, माझ्या घरासमोरच. पोरगी माझ्या डोळ्यांसमोर तीन-चार वर्षं ये-जा करत होती. हसरी, जरा धांदरट, चप्पल उलटी घालणारी. अंगानं भरलेली होती, पण कुठे दुखणं नाही, जिने चढताना दम नाही. लग्न ठरलं ते जळगावच्या मुलाशी. साखरपुडा झाला आणि आठवड्याभरात तिची आई शालूच्या ब्लाऊजचं कापड घेऊन चोपड्याहून आली. लग्न वैशाखात होतं.

तिच्या आईला सगळे नर्मदाबाई म्हणत. उंच, रुंद खांद्याची, बागेत घड तोलून तोलून दंड घट्ट झालेली बाई. तिलाही लग्नासाठी नवा ब्लाऊज हवा होता, म्हणून मी दोघींची मापं एकापाठोपाठ घेतली. पल्लवीचं घेतलं, मग आईचं. खांदा, छाती, कंबर, दंड, सगळं तेच. मला गंमत वाटली. म्हटलं, "अहो, मायलेकींचं माप एकच आहे. एकच कटिंग करू का दोघींना?"

नर्मदाबाईंचा चेहरा खुलला. "मन्हावरच गई ना पोर," त्या अहिराणीत म्हणाल्या. "बठ्ठी मन्हावर गई." सगळी माझ्यावर गेली.

त्याच वेळी माझं लक्ष आरशाकडे गेलं. पल्लवी आरशात स्वतःकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती. वरपासून खालपर्यंत. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

तो दोन दिवसांनी लागला. पल्लवी एकटी आली. म्हणाली, "मावशी, माझा ब्लाऊज त्या मापाचा शिवू नका. मी लग्नापर्यंत बारीक होणार आहे. तुम्ही आत्ताच दोन साइज कमी शिवा."

"अगं, न झालेल्या मापाचा कसा शिवू? झालीस बारीक तर आत घेऊ."

"होणारच आहे."

मग हळूच सांगितलं. साखरपुड्यात फोटो काढताना नवऱ्याच्या कुठल्या तरी मावसभावाने म्हटलं होतं, मोबाइल आडवा धरा, नवरी मावत नाहीये. सगळे हसले होते. नवराही हसला होता. "तू पण हसली असशील," मी म्हटलं. "हो," ती म्हणाली. "मी सगळ्यात जास्त हसले."

त्या दिवशी दुकानात पाटीलबाई बसलेल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांना साखरेचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं आणि त्या माझ्याकडे दर दोन-अडीच महिन्यांनी तेच चार ब्लाऊज घेऊन यायच्या. प्रत्येक वेळी एक शिलाई आत, बोटाच्या पेराएवढी. कधी कधी काहीच फरक नसायचा, तरी यायच्या, चहा पिऊन जायच्या. त्यांनी पल्लवीला जवळ बसवलं.

"हे बघ बाळ, मी काही सोडलं नाही. भाकरी खाते, वरण खाते, पोळीवर तूपसुद्धा लावते, पण चमचाभर. रात्रीचं जेवण लवकर आणि निम्मं. संध्याकाळी पांझरेच्या काठाने चालून येते. सणावाराला पुरणपोळी खाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायला जाते. कंटाळा येतो, पण त्रास होत नाही."

"किती वेळ लागला तुम्हाला?" पल्लवीने विचारलं.

"सव्वा वर्ष होत आलं. अजून चालूच आहे."

पल्लवी उठली, पिशवी घेतली. "माझ्याकडे चार महिने आहेत," ती म्हणाली आणि गेली.

पुढे काय झालं ते मला आधी सुनंदाकडून कळलं, तेही कौतुकानं. पल्लवीने कुलदेवीचं व्रत धरलं होतं. लग्न निर्विघ्न पार पडावं म्हणून, लग्नाच्या आठवड्यापर्यंत अन्न नाही. लिंबूपाणी, काळा चहा, फार तर एखादं फळ. "आजकालच्या पोरी सोमवार धरत नाहीत," सुनंदा म्हणाली, "आणि ही बघा." जळगावला सासूबाईंच्या कानावर गेलं, तर त्यांनी साडी पाठवली. अशी सून मिळायला भाग्य लागतं, म्हणाल्या.

आमच्याकडे आग्रह हा धर्म आहे. पाहुणा नको म्हणाला तरी ताटात आणखी एक भाकरी पडते. घरातली पोर नुसती जेवायची थांबली असती तर आत्याने, काकूने, शेजारणीने तिला हाताला धरून पाटावर बसवलं असतं. पण उपासाच्या माणसाला कोणी आग्रह करत नाही. तो मोडला तर पाप आपल्या माथी. पल्लवीला हे बरोबर ठाऊक होतं. लग्नाआधीची केळवणं सुरू झाली, रोज कुणाकडे तरी बोलावणं. ही नवी साडी नेसून जायची, ताटाला हात जोडायची, बाकीच्यांना वाढायची आणि उपाशी परत यायची. लोक तिच्या पाया पडायचे बाकी होते.

पहिल्या ट्रायलला आली तेव्हा ब्लाऊज बाजूंनी चांगला सैल होता. तिला एवढा आनंद झाला होता की मलाही बरं वाटलं. मी आत शिलाई मारली. दुसऱ्यांदा आली तेव्हा पुन्हा सैल. टेप लावली तर तिने श्वास ओढलाच नाही, ओढायला पोट नव्हतं. एप्रिल सुरू होता, पत्र्याखाली आम्ही भाजून निघत होतो, आणि तिचे हात गार होते. दंड मोजताना टेपवर केस चिकटून आले. हात वर करायला सांगितलं तर डोळ्यांसमोर अंधारी आली आणि ती मशीनला धरून उभी राहिली.

मी तिला बसवलं. डब्यात शेंगदाण्याचा लाडू होता, तो पुढे केला. "उपासाला चालतो."

"माझ्या उपासाला नाही चालत."

"देवी काही म्हणणार नाही, मी सांगते तिला."

ती हसली. मग पर्समधून गोळी काढून पाण्याबरोबर घेतली. कसली म्हणून विचारलं तर शक्तीची म्हणाली. मी म्हटलं, "पल्लवी, खरं सांग. हे देवीचं आहे की फोटोचं?"

ती ब्लाऊजच्या बाहीवरची टिकली बोटाने कुरतडत राहिली. "मावशी, देवीचं म्हटलं की कोणी मध्ये येत नाही," शेवटी म्हणाली. "थोडेच दिवस राहिलेत. मग खाईन की. लग्न झाल्यावर सगळं खाईन." आणि जाताना, "आतलं कापड कापून टाका ना, बाजूला जाड दिसतं."

"ते मी कापणार नाही," मी म्हटलं. "कापलेलं परत जोडता येत नाही." ती रुसली. पण मी कापलं नाही.

त्याच संध्याकाळी मी समोर सुनंदाकडे गेले. सगळं सांगितलं. गार हात, केस, अंधारी, तिचं ते वाक्यही. सुनंदा वाईट बाई नाही. तिचा चेहरा उतरला. पण मग म्हणाली, "निर्मलामावशी, तुम्ही म्हणता ते खरं असेलही. पण सुरुवात कशीही झालेली असो, आता देवीच्या नावाने धरलंय ना? लग्नाच्या तोंडावर मी मोडायला लावलं आणि उद्या काही कमी-जास्त झालं तर दादा-वहिनी मला काय म्हणतील? थोडेच दिवस राहिलेत." आत्या आणि भाची, दोघींनी मला एकच वाक्य ऐकवलं. मी म्हटलं, निदान डॉक्टरला तरी दाखव. ती म्हणाली, बघते. चोपड्याला कळवायचं तर नर्मदाबाईंचा नंबर माझ्याकडे नव्हता. आणि मी कोण? गळ्यात टेप घातलेली समोरची मावशी. मी घरी आले आणि दुसऱ्या ब्लाऊजला काजं करत बसले. सीझन होता, कामाचा ढीग पडला होता. आजही ती काजं आठवली की मन खातं.

तिसऱ्या ट्रायलला मी तिसरी शिलाई मारली. शालूचं कापड रेशमी, त्यावर उसवलेल्या शिलाईची भोकं राहतात. म्हणून जुन्या शिलाया मी उसवल्या नव्हत्या, नवी तेवढी आत मारत गेले. ब्लाऊज आतून उलटा केला की चार रेघा दिसायच्या, एकीच्या आत एक.

व्रताचं उद्यापन देवपूरलाच, सुनंदाकडे करायचं ठरलं. शेवटचं केळवण आणि उद्यापन एकदमच. दुसऱ्या दिवशी पोरगी हळदीला चोपड्याला जाणार होती. नर्मदाबाई घरचं खापर आणि पुरणाचं सगळं सामान घेऊन दोन बायकांना सोबत घेऊन आल्या. आमच्याकडची खापरावरची पुरणपोळी म्हणजे मांडा. हातावर फिरवत फिरवत परातीएवढा करायचा आणि उलट्या खापरावर टाकायचा. सकाळपासून अंगणात चूल धगधगत होती. बरोबर आमरस, रशी म्हणजे कटाची आमटी, भजी, कुरडई. अख्खी गल्ली जेवायला होती.

नर्मदाबाईंनी लेकीला दोन महिन्यांनी पाहिलं. ती खूप बारीक झालेली त्यांना दिसली, पण नव्या साडीत, दागिन्यांत आणि सगळ्यांच्या कौतुकात जेवढी दिसेल तेवढीच. मला म्हणाल्या, "पोर वाळी गई व अक्का. पण बठ्ठा म्हनतस, छान दिसस." मग लेकीला पाटावर बसवलं, समोर स्वतः बसल्या आणि मांड्याचा एक एक घास आमरसात बुडवून तिला भरवायला लागल्या. पल्लवीने पहिला घास डोळे मिटून घेतला. मग दुसरा. मग स्वतःच्या हाताने खायला लागली. भुकेलं माणूस खातं तशी. पोरी हसत होत्या, नर्मदाबाई रडत होत्या, आणखी वाढत होत्या. मी दारात उभी होते. मला एवढं हायसं वाटलं की काय सांगू. सुटली बाई एकदाची, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पावलं सुजली होती. चप्पल जाईना. छातीत धडधडतं म्हणाली. आधी वाटलं, ऊन लागलं, जेवण जड झालं. ओवा दिला, लिंबू-सोडा दिला. दुपारी बोलता बोलता तिची जीभ अडखळायला लागली, तेव्हा रिक्षात घातली आणि दवाखान्यात नेली. सुनंदाबरोबर मीही गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तपासून बाहेर आल्या आणि विचारलं, किती दिवस उपाशी होती? सुनंदाने व्रताचं सांगितलं. पर्समधल्या गोळ्या दाखवल्या. त्या शक्तीच्या नव्हत्याच, लघवी होऊन अंगातलं पाणी जाण्याच्या होत्या. आणि एक पोट साफ होण्याचं चूर्ण. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. मग आम्हाला समजेल अशा शब्दांत सांगितलं. हळूहळू वजन उतरलं तर शरीर चरबी वापरतं आणि स्वतःला सावरतं. एकदम उपाशी ठेवलं तर ते स्वतःचं मांस खातं, आणि हृदयही मांसाचंच आहे. गोळ्यांनी रक्तातले क्षार धुऊन गेले होते. अशा शरीराला अन्न द्यायचं तेही चमचा चमचा, रोज रक्त तपासत, दवाखान्यात ठेवून. एकदम गोडाधोडाचं पोटभर गेलं की उरलेसुरले क्षारही रक्तातून ओढले जातात आणि हृदयाचा ठोका चुकायला लागतो. "कालचं जेवण तिला झेपलं नाही," त्या म्हणाल्या. "उपाशी होती तेव्हा आणली असती तरी वेळ होता."

हे नर्मदाबाईंनी ऐकलं. त्या मागच्या रिक्षाने आल्या होत्या आणि भिंतीला टेकून उभ्या होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं.

सलाइनमधून क्षार दिले, छातीला तारा लावल्या, रात्रभर माणसं झटली. पल्लवी हळदीच्या दिवशी सकाळी गेली. चोपड्याला तोवर मांडव घालून झाला होता.

त्यानंतर सुनंदा आणि मी एकमेकींशी फार बोललो नाही. भांडण नव्हतं. समोरासमोरची दारं, पण दोघीही आपापलं दार लवकर लावून घ्यायचो. त्या दिवाळीत मी कंदील लावला नाही. पाटीलबाई आल्या, त्यांचा शेवटचा ब्लाऊज आत घ्यायचा होता. मी टेप लावली आणि मलाच रडू फुटलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

नर्मदाबाई आल्या त्या पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. एकट्याच, एस.टी.ने. वाळल्या होत्या म्हणावं तर नाही, हाडापेराने तशाच होत्या, पण खांदे पुढे आले होते. पिशवीतून शालूचा ब्लाऊज काढून माझ्यापुढे ठेवला.

"अक्का, हाऊ ब्लाऊज पहिला मापना करी दे."

मी विचारलं, कशासाठी. त्या म्हणाल्या, घरात ठेवायचाय, पण असा नको. पेटी उघडली की हा एवढासा दिसतो. माझी पोर एवढीशी नव्हती.

मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "मन्हाच हातनी चारं तिले. डाक्टर म्हननी ते मी ऐकं. भुकी मरी नही ती, मन्हा मांडाघाई मरनी." माझ्याच हाताने भरवलं तिला, उपाशी मेली नाही, माझ्या मांड्याने मेली. वर्षभर ती बाई एवढंच मनात घेऊन जगत होती आणि तिच्या भोवतीच्या कुणाला ते माहीत नव्हतं. घरी कुणी विचारलं नसेल आणि तिने सांगितलं नसेल.

मी ब्लाऊज आतून उलटा केला, खिडकीजवळ नेला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांचं बोट धरून सगळ्यात बाहेरच्या शिलाईवर ठेवलं. "ही तुम्ही आला होता तेव्हाची." मग पुढच्या रेघेवर. "ही पहिल्या ट्रायलची. ही एप्रिलातली, तेव्हा हात गार पडले होते, मी सुनंदाला सांगितलं होतं. आणि ही शेवटची." पहिल्या आणि शेवटच्या रेघेत त्यांची चार बोटं आडवी मावली. दुसऱ्या बाजूलाही तेवढीच.

"इतली कमी व्हई गयथी?" त्या म्हणाल्या. "माले कसं दिसनं नही?"

"कुणालाच दिसलं नाही. आम्ही सगळे व्रत बघत होतो," मी म्हटलं. "वहिनी, ती तुमच्या मांड्याने गेली नाही. मांडा आला तेव्हा तिच्यात काही उरलंच नव्हतं. हे बघा, इथे लिहिलेलं आहे."

त्या बराच वेळ त्या रेघांवरून बोट फिरवत राहिल्या. त्यांना ते पटलं की नाही, मला सांगता येत नाही. मी ब्लेड घेतलं आणि एक एक शिलाई उसवत गेले. आतली, मग तिच्या बाहेरची, मग तिच्याही बाहेरची. दोरे काढले, वाफेची इस्त्री फिरवली. रेशमावरची भोकं तशीच राहिली, ती इस्त्रीने जात नाहीत. पहिली शिलाई शाबूत होती, तिच्यावर पक्की टीप मारली.

घडी घालून दिला तर त्यांनी घेतला नाही. इकडे तिकडे बघितलं, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मग लहान पोरीसारखं विचारलं, "एकदाव घाली पाहू का?"

मी पडदा सरकवून दिला. आत काकणांचा आवाज आला, मग थांबला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या सुती लुगड्यावर लेकीच्या लग्नाचा जरीचा ब्लाऊज होता आणि हूक वरपासून खालपर्यंत लागले होते. सवयीने मी टेप घेऊन पुढे झाले, खांदा पाहिला, बाजू पाहिली, दंडात बोट घालून पाहिलं. कुठेही कमी करायला नको होतं, कुठेही वाढवायला नको होतं.

नर्मदाबाई आरशात बघत होत्या.

"माले बरोबर बसी गया," त्या म्हणाल्या.